चौसष्टातले आठ

“नसरीनची क्वेरी जड आहे,” मी म्हणाले. “पहाटे साडेपाचला ती सुरू होते, पाच पस्तीसला डेटाबेस बसतो. सात दिवस, रोज. यात न कळण्यासारखं काय आहे?”

रंगनाथ आण्णा मोगलांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. आण्णा आमच्या द्राक्ष उत्पादक मंडळाचे अध्यक्ष. टोपी टेबलावर आली की निर्णय होणार, हे ऑफिसातल्या शिपायालाही ठाऊक होतं.

“नक्की ना मॅडम?”

“शंभर टक्के.”

“सर्व्हर कमी पडून राह्यला असं तर नाही?”

“सर्व्हरला चौसष्ट जीबी मेमरी आहे, आण्णा. होस्टिंग कंपनीचं पत्र आहे माझ्याकडे. चौसष्टात अख्खा तालुका मावेल.”

आण्णा हसले. नसरीन हसली नाही. ती माझ्या उजव्या हाताला, वही मिटून बसली होती.

“मग बुधवारी सांजच्याला हे गणित बंद करा,” आण्णा म्हणाले. “पूर्वी छाटणीच्या तारखेवर सल्ला द्यायचो तसाच देऊ. लोकं मला फोन करून राह्यले ना! मेसेज नऊला येतो, तोवर वारं सुटतं, फवारा उडून जातो. आमच्याच शिवारात दोन बागांमध्ये घडावर डाऊनी दिसला. अन् नसरीन, तुझा करार या गणितासाठीच होता पोरी. मला काही आनंद नाही. गुरुवारी बैठकीत कागद करून टाकू.”

“हो, आण्णा,” नसरीन म्हणाली. बस, एवढंच.

या गोष्टीला आता पाच वर्षं होतील. निफाड रस्त्यावर मंडळाचं ऑफिस होतं, खाली औषधांचं गोडाऊन आणि वरच्या मजल्यावर आम्ही दोघी. मी वृंदा खैरनार, डेटाबेस सांभाळणारी. आधी पुण्यात बारा वर्षं मोठ्या कंपन्यांचे डेटाबेस हाकले होते, त्यामुळे माझं नाणं खणखणीत आहे याबद्दल मला तरी शंका नव्हती. दुसऱ्याची चूक मला लांबून दिसायची आणि ती मी चारचौघांत सांगायचेही. लोक त्याला फटकळपणा म्हणत, मी हुशारी म्हणायचे.

नसरीन पिंजारी सव्वीस वर्षांची, कृषी पदवीधर. तिचे वडील सलीमभाई छाटणीच्या टोळीचे मुकादम, त्यामुळे पोरीचं अर्धं बालपण वेलींखाली गेलेलं. डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, एसक्यूएल, ती स्वतःच शिकली होती. तिचं गणित साधं वाटायचं, पण त्यात तिची तीन वर्षं होती. सहाशे चाळीस बागांमध्ये आमचे सेन्सर होते. पान किती तास ओलं राहिलं, हवा किती गार होती, हे दर पंधरा मिनिटांनी डेटाबेसात यायचं. पहाटे तिची क्वेरी मागच्या दहा दिवसांच्या नोंदी वाचायची आणि कुठल्या बागेत डाऊनी, म्हणजे केवडा रोग, शिरायच्या बेतात आहे ते ठरवायची. सहाच्या आत मेसेज जायचा. आज फवारा, किंवा आज औषध वाचवा. आदल्या हंगामात याच गणिताने शेकडो बागा सावरल्या होत्या.

आता ते गणितही जाणार होतं आणि तीही. माझ्या शब्दावर. तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं, हे कबूल करायला हवं.

बुधवारी दुपारी मी तिच्याकडून काम समजून घ्यायला बसले. तिने फाइल इतकी नीट लावून आणली होती की मलाच ओशाळल्यासारखं झालं. अर्ध्या तासाने ती म्हणाली, “सेन्सर एकदा प्रत्यक्ष बघून घ्याल का मॅडम? पुढं तुम्हालाच बघायचंय.”

ऑफिसच्या मागेच मंडळाचा प्रयोगाचा प्लॉट होता. नसरीन वाकून मांडवाखाली शिरली, मी पदर सावरत मागोमाग. वेलीच्या अगदी पोटात, पानांच्या गर्दीत, तळहाताएवढी एक पट्टी बांधलेली होती.

“इतकी आत कशाला?” मी विचारलं. “बाहेर डांबाला बांधली असती तर साफसफाई सोपी. तिकडे तुमचं मोठं हवामान केंद्र आहेच की.”

“बाहेरचं बाहेरपुरतं खरं असतं, मॅडम. बाहेर आठला सगळं सुकतं. आत हात घाला, दहापर्यंत पान ओलं. रोग आत होतो ना, मग आतच मोजायचं. अब्बा सांगायचे, रस्त्यावरून बाग बघणारा माणूस नेहमी खूश असतो.”

मी हसले. ती पट्टीवरची धूळ ओढणीच्या टोकाने पुसत राहिली. मग एकदम म्हणाली, “मॅडम, सर्व्हरला मेमरी किती आहे म्हणालात?”

“चौसष्ट.”

“नक्की ना?”

“लेखी आहे, नसरीन.”

“बरं,” ती म्हणाली आणि मांडवाबाहेर आली.

मी टेबलाशी परतले, पण डोक्यात ती पट्टी अडकली होती. चौसष्ट हा आकडा मला कुठून मिळाला? पत्रातून. आणि मेमरी भरपूर शिल्लक असल्याचा आलेख? सर्व्हर भाड्याने देणाऱ्या होस्टिंग कंपनीच्या नचिकेतकडून. दोन्ही बाहेरून आलेले. मी नचिकेतला फोन लावला.

“नचिकेत, पहाटे साडेपाचला मेमरी किती वापरात असते?”

“अकरा-बारा जीबी, मॅडम. त्रेपन्न मोकळी. आलेख पाठवलाय ना मी! आमच्याकडून सगळं हिरवं आहे. तुमचीच क्वेरी काहीतरी खातेय.”

“मला सर्व्हरवर येऊन बघू दे.”

“नाही हो, ते धोरणात बसत नाही. डेटाबेस तुमचा, सर्व्हर आमचा.”

हे त्याचं नेहमीचं पालुपद होतं. सर्व्हरची किल्ली आम्हाला कधीच मिळाली नव्हती. पण किल्लीशिवायही आत डोकावायचा एक झरोका माझ्याकडे होता, तो मला त्या क्षणी आठवला. ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःची माहिती छोट्या छोट्या फायलींमध्ये लिहीत असते. मेमरी किती, सीपीयू किती दमलाय, कोणाला किती मर्यादा घातली आहे. वर्षभरापूर्वी मी डेटाबेसात एक एक्स्टेन्शन बसवून घेतलं होतं, त्यातल्या फंक्शनांनी या फायली साध्या एसक्यूएलमधून वाचता येत. बघायचा हक्क मी नसरीनलाही दिला होता. मोठ्या हौसेने हे सगळं केलं आणि लोणच्याच्या बरणीसारखं फडताळात ठेवून दिलं.

आता बरणी काढली. पहिल्यांदा यंत्राची एकूण मेमरी विचारली. चौसष्ट. म्हटलं, बघ, म्हणतच होते मी. मग दुसरी ओळ लिहिली. आमचा डेटाबेस त्या यंत्रावर एका कंटेनरमध्ये, म्हणजे आखून दिलेल्या खोलीत राहतो, त्या कंटेनरला मेमरीची मर्यादा किती?

उत्तर आलं, ८५८९९३४५९२.

हे बाइट. म्हणजे बरोबर आठ जीबी.

मी क्वेरी पुन्हा चालवली. आकडा तोच. सोसायटीच्या गच्चीवर चौसष्ट हजार लिटरची टाकी असावी, आणि आपल्या फ्लॅटला मात्र आठ हजारांची वेगळी टाकी जोडलेली असावी, तसं होतं हे. गच्चीवरची टाकी बघून नचिकेत खूश होता. गच्चीवरची टाकी बघून मीही खूश होते.

मग तिसरी ओळ लिहिली. मेमरी संपल्यामुळे या कंटेनरमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमने आजवर किती प्रक्रिया मारल्या? उत्तर होतं, नऊ. गेल्या मंगळवारपासून आजच्या बुधवारपर्यंत नऊ पहाटा. क्वेरी डेटाबेसला मारत नव्हती. त्या दोघांनाही जागा पुरत नव्हती.

पण एवढ्यावर भागणार नव्हतं. गेल्या हंगामातही कंटेनर आठचाच असणार, क्वेरीही हीच. मग तेव्हा कसं चाललं? मी डेटाबेसच्या सेटिंगची फाइल उघडली, आणि उघडण्याआधीच मला उत्तर माहीत होतं. डेटाबेस स्वतःच्या वापरासाठी जी मेमरी राखून ठेवतो, ती पूर्वी दोन होती. दसऱ्याच्या दिवशी मी ती सोळा केली होती. एकूण मेमरीच्या पाव हिस्सा, जाणकार तसंच सांगतात. चौसष्टाचा पाव सोळा. यंत्रपूजेनंतर मी ऐटीत जाहीरही केलं होतं, “आता हंगामात डेटाबेस पळेल बघा.” आण्णांनी मला स्वतःच्या हाताने पेढा दिला होता.

आठच्या टाकीतून सोळा घ्यायला मीच सांगून ठेवलं होतं. लगेच काही झालं नाही, कारण डेटाबेस राखलेली जागा एकदम भरत नाही, लागेल तशी भरतो. ऑक्टोबरात छाटणी झालेल्या बागा थोड्या होत्या. नोव्हेंबरात सहाशे चाळीस बागा जाग्या झाल्या, नोंदींचा ढीग वाढला, आणि पहाटेच्या मोठ्या वाचनाला टाकी अपुरी पडू लागली.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार नसरीनचा आला नाही. पहिला विचार आला तो पुण्यातल्या बारा वर्षांचा.

संध्याकाळी क्वेरी बंद करायची होती. मी ती बंद केली नाही. सेटिंग सोळावरून परत दोनवर आणलं, सव्वासहाला डेटाबेस एकदा थांबवून सुरू केला, आणि घरी गेले. नसरीन तेव्हा टेबलाचा खण रिकामा करत होती. “येते,” एवढंच म्हणाले मी तिला.

गुरुवारी पहाटे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. साडेपाचला गणित सुरू झालं. मी कंटेनरच्या मेमरीचा आकडा मिनिटामिनिटाला विचारत होते. तीन पूर्णांक एक, तीन पूर्णांक चार, पुन्हा तीन पूर्णांक तीन. मारलेल्या प्रक्रिया नऊच राहिल्या. पाच अठ्ठेचाळीसला सगळे मेसेज गेले.

अकराला बैठकीला पोहोचले तर आण्णा जिन्यातच भेटले, चेहरा फुललेला.

“मानलं तुम्हाला मॅडम! गणित बंद केलं अन् मेसेज पावणेसहाला हजर. सुनेनं सहाला फवारणीचा ब्लोअर जोडला, आठपर्यंत बाग उरकली. तुम्ही सांगितलं तेच खरं निघालं.”

वर नसरीन आधीच येऊन बसली होती. टेबलावर तिच्या कार्यमुक्तीचा कागद टाइप करून तयार होता, फक्त आण्णांची सही बाकी. आण्णांनी टोपी काढली, पेन उघडलं.

तेव्हा मला लख्ख कळलं की मला आता काहीच करायचं नाहीये. खोटंसुद्धा बोलायचं नाही. नुसतं गप्प बसायचं. डेटाबेस नीट चालेल, आण्णा खूश राहतील, दहा-बारा दिवसांनी मीच म्हणेन की क्वेरी सुधारली आहे, पुन्हा लावून बघू. माझं नाणं खणखणीतच राहील. जाणार होती फक्त ही पोरगी, आणि ती एका शब्दानेही भांडत नव्हती.

“आण्णा, थांबा,” मी म्हणाले. “सकाळचा मेसेज जरा मोठ्यानं वाचा.”

“आता कशाला?”

“वाचा तर.”

आण्णांनी चष्मा लावला, मोबाइल लांब धरला. “मोगल बाग क्रमांक दोन. पान सव्वाअकरा तास ओलं. तापमान एकोणीस. आज सकाळीच फवारा.”

“तारखेवरचा सल्ला असता तर त्यात पान कुठून आलं असतं?”

आण्णांनी मोबाइल खाली ठेवला. “म्हंजी?”

“म्हणजे गणित बंद केलेलं नाही. नसरीनची क्वेरी आज पहाटे जशीच्या तशी चालली. एक अक्षर बदललेलं नाही. तिचा काही दोष नव्हता.”

“मग दोष कोणाचा?”

“माझा.”

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि सगळं सांगितलं. सोसायटीची टाकी, फ्लॅटची टाकी, आठ, सोळा, नऊ पहाटा. आण्णा शेतकरी माणूस, पण पाण्याच्या वाटपाची भाषा त्यांना कोणी शिकवायला नको. मधेच त्यांनी नचिकेतला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“आम्हाला आठच दिलंय का रे?”

“मर्यादा आठची आहे, सर. करारात मागच्या परिशिष्टात लिहिलंय. यंत्र चौसष्टचं आहे, तेही बरोबरच आहे,” नचिकेत घाईने म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. “पण हा आकडा तुम्हाला मिळाला कसा? मॅडम, तुम्ही सर्व्हरमध्ये शिरलात का?”

“शिरले नाही,” मी म्हणाले. “डेटाबेसला विचारलं. आपण कुठल्या खोलीत राहतो ते त्याला माहीत असतं. तुझ्या आलेखात आमची खोली नव्हती, अख्खी इमारत होती. यापुढे आमच्या कंटेनरचा आलेख पाठवत जा.”

“पाठवतो,” तो म्हणाला. याचा आनंद मला झाला, नाही असं नाही.

फोन बंद करून आण्णा माझ्याकडे वळले.

“मॅडम, सोमवारी मी तुम्हाला दोनदा इचारलं.”

“हो.”

“तुम्ही शंभर टक्के म्हणाल्या.”

“म्हणाले.”

“दोन बागा गेल्या त्या नऊ दिवसांत. त्या माणसांकडं जाऊन हे तुम्ही स्वतः सांगायचं. मंडळाच्या वतीनं नाही, तुमच्या तोंडानं.”

“जाते. आजच जाते.”

आण्णांनी कार्यमुक्तीचा कागद उचलला, चार तुकडे केले आणि खिशात घातले. “नसरीन, खण परत लाव. अन् हंगाम संपला की तुझ्या पक्क्या नेमणुकीचं बोलू.” टोपी डोक्यावर चढवून ते खाली गोडाऊनकडे गेले.

आम्ही दोघीच उरलो. माफी मागणं माझ्या अंगवळणी नव्हतं, त्यामुळे ती जरा कोरडीच निघाली. “नसरीन, चुकलं माझं. चारचौघांत बोलले होते, म्हणून चारचौघांत परत घेतलं. पण तुला आधी सांगायला हवं होतं. काल संध्याकाळीच.”

“असू दे मॅडम. तुम्ही सांगितलंत, दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं.” ती खरंच खूश होती. पिशवीतलं सामान टेबलावर काढू लागली. डबा, स्वेटर, सेन्सरच्या पट्ट्या, तिची वही. वही निसटून खाली पडली आणि उघडली. उचलून देताना माझी नजर पानावर गेली.

पेन्सिलीने एकाखाली एक तीन ओळी लिहिल्या होत्या. तिन्ही ओळींत एकच आकडा, ८५८९९३४५९२. वर सोमवारची तारीख. शेवटच्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह होतं, आणि मग तिन्ही ओळींवर आडवी काट मारलेली.

“हे तू कधी काढलंस?”

“सोमवारी. बैठकीनंतर. ती फंक्शनं आहेत ना, त्यातूनच.”

“तुला सोमवारीच कळलं होतं? मग बोलली का नाहीस? तुझी नोकरी जात होती, नसरीन!”

तिने माझ्याकडे जरा गोंधळून पाहिलं, जणू मी फारच सोपं काहीतरी विचारत होते.

“तुम्ही चौसष्ट म्हणालात ना, मॅडम,” ती म्हणाली. “मी तीनदा विचारलं, तीनदा आठच आलं. मग मला वाटलं, मलाच वाचता येत नाही.”